मीठ घातलं का गं?

दोन जावा एका स्वयंपाकघरात असल्या, की एक प्रश्न दिवसातून चार वेळा तरी ऐकू येतो, "आमटीत मीठ घातलं का गं?" हा प्रश्न विचारायचा राहिला, की दोनच गोष्टी होतात. एक तर आमटी अळणी होते, कारण दोघींनाही वाटतं, दुसरीनं घातलं असेल. नाही तर खारट होते, कारण दोघीही घालून मोकळ्या होतात. चूक कुणाचीच नसते, आणि जेवायला बसलेल्यांचं तोंड मात्र वाकडं होतं.

आमच्या घरात हा प्रश्न स्वयंपाकघरातून उठून ऑफिसात कसा गेला, ते आज सांगणार आहे. कारण तिथं नुसती आमटी खारट झाली नव्हती. दोन लेकींची नावं बापाच्या जमिनीवरून जायची वेळ आली होती.

आमचं ऑफिस म्हणजे काही मोठी कंपनी नव्हे. पाटणला दोन खोल्या आणि कराडला एक गाळा. दुकानदारांचे हिशेब, रिटर्न, संस्थांची कागदपत्रं आणि शेतकऱ्यांचे जमिनीचे अर्ज, असं सगळं काम. पाटणचं ऑफिस मी बघते, कराडचं माझी धाकटी जाऊ बघते. ती बी.कॉम. झालेली, कॉम्प्युटर शिकलेली. मी बारावी, पण टायपिंगची परीक्षा पास आणि तालुक्यातलं गाव न् गाव माहीत असलेली. मधे पस्तीस-चाळीस किलोमीटरचा रस्ता, मल्हारपेठेवरून जाणारा.

काम एकच, गिऱ्हाईकं तीच. म्हणजे फाईलीही त्याच. पण त्या दोन ठिकाणी. ढेबेवाडी खोऱ्यातला माणूस सोमवारी पाटणला येऊन कागद देणार, आणि बुधवारी कराडला दवाखान्यात गेला की तिथल्या ऑफिसात डोकावून विचारणार, "माझं काम कुठवर आलं?" जाऊबाईच्या कॉम्प्युटरवर सोमवारचं काही नसलं तर ती काय सांगणार?

सुरुवातीला फ्लॉपी होती. एकीवर जेमतेम दीड एमबी मावायचं. ती पाकिटात घालून ओळखीच्या माणसाबरोबर एसटीनं कराडला पाठवायची. पावसाळ्यात फ्लॉपीला दमट हवा लागायची आणि तिकडे ती उघडायचीच नाही. मग पेनड्राईव्ह आला आणि आम्हाला आकाशच ठेंगणं झालं. माझे मिस्टर रोज सकाळी कराडला जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनड्राईव्ह. सकाळी माझं काम तिकडे, संध्याकाळी तिचं काम इकडे. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या मुलानं एक छोटासा प्रोग्रॅमही बसवून दिला होता. पेनड्राईव्ह लावला की तो दोन्हीकडच्या फाईलींच्या तारखा बघायचा. जी फाईल नवी असेल ती जुन्या फाईलीच्या जागी आपोआप ठेवायचा. काही विचारायचा नाही, काही सांगायचा नाही. आम्हाला वाटलं, किती गुणाचं लेकरू आहे!

कागदावर पाच, कॉम्प्युटरवर तीन

तर २०१४ चा जुलै. पाटणचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. लाईट आली की पाहुणी आल्यासारखं वाटायचं. अशाच एका दिवशी एक म्हातारी मावशी दाराशी आली. इरलं बाहेर ठेवलं, पदरानं तोंड पुसलं आणि आत येऊन उभीच राहिली. बस म्हटलं तरी बसेना.

तिचे मालक दोन महिन्यांपूर्वी वारले होते. थोरला मुलगा तासवडे एमआयडीसीत कामाला. त्यानंच कराडच्या ऑफिसात येऊन वारस नोंदीचा अर्ज करायला सांगितला होता. वारस म्हणून त्यानं तीन नावं दिली होती, आई आणि दोघे भाऊ. जाऊबाईनं तसा अर्ज तयार करून ठेवला. ती फाईल पेनड्राईव्हवरून माझ्याकडे पाटणलाही आली.

त्यानंतर दोन दिवसांनी हीच मावशी पाटणच्या ऑफिसात आली होती. वहीच्या कागदावर नातवाकडून लिहून आणलेली दोन नावं माझ्या हातात ठेवून म्हणाली होती, "ताई, माझ्या दोन लेकींची नावं ऱ्हायल्यात बघा. त्याबी त्याच बापाच्या हायती न्हवं?"

मी तिच्यासमोरच फाईल उघडली, दोन्ही लेकींची नावं घातली, छापून तिला वाचून दाखवली. पाच नावं. ती छापील प्रत पुठ्ठ्याच्या फाईलीला लावली. मावशी समाधानानं घरी गेली.

आणि आज ती परत आली होती. गावच्या चावडीवर नोटीस लागली होती, ती तिनं कुणाकडून तरी वाचून घेतली होती. नोटिशीत तीनच नावं होती.

मी म्हटलं, "मावशी, असं कसं होईल? मी स्वतः घातलीत." पुठ्ठ्याची फाईल काढली. पाच नावं. कॉम्प्युटर उघडला. तीन नावं! माझ्या पायाखालची जमीन सरकली. कराडला फोन लावला. जाऊबाई म्हणाली, "ताई, माझ्याकडं पहिल्यापासून तीनच आहेत. थोरला मुलगा येऊन सही करून प्रत घेऊन गेला. प्रतिज्ञापत्रही त्याच नावांनी झालंय. तुम्ही काही बदललं होतं का?"

मावशी आमचं बोलणं ऐकत होती. फोन ठेवल्यावर तिनं जे विचारलं ते मी आजही विसरले नाही. शांतपणे, अजिबात आवाज न चढवता ती म्हणाली, "ताई, पोरानं तुमास्नी काय दिलं का?"

मैत्रिणींनो, पैशाचा हिशेब चुकला तर भरून देता येतो. हे कसं भरून द्यायचं? त्या बाईनं माझ्यावर विश्वास ठेवून, पावसात दोन मैल चालत येऊन मला दोन नावं दिली होती. आणि माझ्याकडून ती हरवली होती. कशी हरवली, ते मला स्वतःलाही सांगता येत नव्हतं.

पंधरा दिवस

आधी मावशीचं काम. वारसाची नोंद करायची पद्धत अशी, की वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे खबर द्यायची. (तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण आपल्या तोंडात तलाठीच आहे.) वारसांची नावं गाव नमुना ६-क मध्ये येतात, मग गाव नमुना ६ मध्ये म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद होते आणि नोटीस निघते. नोटिशीनंतर हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत. त्या मुदतीत कुणी काही बोललं नाही, की मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि ती सातबाऱ्यावर चढते. पुढे बदलायचं म्हटलं तर अपील आणि हेलपाटे आले.

त्यातले नऊ दिवस गेले होते. सहा उरले होते.

त्याच दिवशी मी मावशीच्या आणि दोन्ही लेकींच्या नावानं हरकतीचा अर्ज तयार केला. एक लेक कोयनानगरकडे दिलेली, दुसरी कराडजवळ. सह्या गोळा करायला माझे मिस्टर भर पावसात मोटारसायकलवर फिरले. अर्जासोबत आमच्या ऑफिसचं पत्र जोडलं, की मुलींची नावं आमच्याकडे वेळेवर आली होती, आमच्या चुकीनं ती सुटली. मिस्टरांना हे लिहून द्यायला जड गेलं. "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोक आत्ताही म्हणतायत, फक्त आपल्याला ऐकू येत नाही."

हरकत आली की ते प्रकरण तक्रारीच्या नोंदवहीत, गाव नमुना ६-अ मध्ये जातं आणि सुनावणी लागते. सुनावणीला थोरला म्हणाला, "त्यांनी टाईप केलं, मी सही केली. आणि बहिणींची लग्नं झाल्यात, मला वाटलं त्यांची नावं लागत नाहीत." खरं-खोटं त्याचं त्याला माहीत. पण असं वाटणारा तो एकटा नाही. अजून कितीतरी घरांतून असंच वाटतं. मुलगी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून बापाची पहिल्या वर्गातली वारस आहे. २००५ च्या दुरुस्तीनं तिला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेही स्पष्ट केलं, की त्या दुरुस्तीच्या वेळी वडील हयात नसले तरी तो हक्क जात नाही. लग्न झालं म्हणून नाव जात नाही. धाकट्यानं मात्र पुढं होऊन सांगितलं, "साहेब, आईनं सांगितलेली पाच नावं घाला." थोरलाही मग गप्प बसला. नोंद पाच नावांनी झाली.

काम झालं. पण मावशीनं विचारलेला प्रश्न माझ्या मनातून जाईना. नावं गेली कुठं?

जुनीच फाईल नवी ठरली

शोध लावला तो जाऊबाईनं. एका रविवारी ती पाटणला आली, कॉम्प्युटरसमोर बसली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "ताई, इकडं या. आज तारीख काय?" मी तारीख सांगितली. ती म्हणाली, "तुमचा कॉम्प्युटर म्हणतोय, एक जानेवारी दोन हजार आठ."

कॉम्प्युटरच्या आत, घड्याळात असतो तसा एक बटणाएवढा सेल असतो. लाईट नसताना तारीख-वेळ जपून ठेवायचं काम त्याचं. आमचा सेल संपला होता. लाईट गेली की कॉम्प्युटर सगळं विसरून कित्येक वर्षं मागं जायचा. इंटरनेट असलं तर विंडोज मधूनमधून वेळ जुळवून घेतं, पण त्या पावसात आमच्याकडे नेट कुठलं!

मी मावशीच्या लेकींची नावं घातली त्या दिवशीही लाईट जाऊन आली होती. म्हणून माझ्या फाईलीवर शिक्का बसला २००८ चा. संध्याकाळी मिस्टरांनी येऊन पेनड्राईव्ह लावला. प्रोग्रॅमनं तारखा बघितल्या. माझी पाच नावांची फाईल २००८ ची, पेनड्राईव्हवरची तीन नावांची २०१४ ची. त्याच्या हिशेबानं तीन नावांची फाईल नवी. तिनं पाच नावांच्या फाईलीची जागा घेतली. त्या गुणाच्या लेकरानं काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही.

मी बराच वेळ तशीच बसून राहिले. जुनी यादी नवी ठरली आणि खरी नवी यादी पुसली गेली. मशीनला वाईट हेतू नसतो. पण चूक कुठल्या बाजूला पडली बघा! सगळ्यांच्या अंगवळणी पडलेल्या बाजूला. तीन नावं बघून जाऊबाईला खटकलं नाही, सही करताना मुलाला खटकलं नाही, कागद घेणाऱ्याला खटकलं नाही. उलटं झालं असतं, पोरांची नावं गळून लेकींची राहिली असती, तर पहिल्याच माणसानं विचारलं असतं, "हे काय?" लेकींची नावं गळाली तर कुणाला दिसतही नाही. म्हणून ती दोनदा तपासायला हवीत.

सरकारी दप्तराचंही असंच

त्या प्रकरणानंतर मी जमिनीच्या कागदांकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. एकच माहिती दोन ठिकाणी ठेवायची आणि ती जुळती ठेवायची, हे दुखणं आमच्या दोन गाळ्यांपुरतं नाही.

तुमच्या शेताचंच घ्या. सातबारा असतो तलाठ्याकडे. सात नंबरात मालकी आणि क्षेत्र, बारा नंबरात पिकं. पण त्याच शेताचा नकाशा आणि आकारबंद असतो भूमी अभिलेखच्या ऑफिसात. दोन वेगळी ऑफिसं, दोन वेगळी दप्तरं, जमीन एकच. मोजणी होऊन पोटहिस्से पडले किंवा क्षेत्रात बदल झाला, की भूमी अभिलेखकडून एक कागद तलाठ्याकडे जातो. त्याला म्हणतात कमी-जास्त पत्रक, बोलताना सगळे 'कजाप' म्हणतात. ते आलं की तलाठी फेरफार घेतो आणि सातबारा बदलतो. आता हा कागद मधेच कुठं अडकून पडला तर? नकाशावर एक, सातबाऱ्यावर दुसरंच. घरातल्या बाईला ते कळतं कधी, तर जमीन विकायच्या नाही तर कर्ज काढायच्या वेळी.

खरेदीखताचंही तसंच. दस्त नोंदवला जातो दुय्यम निबंधकाकडे, आणि मालकी बदलते सातबाऱ्यावर. पूर्वी दस्ताची सूची क्रमांक दोन हातात घेऊन लोक तलाठ्याच्या मागं फिरायचे. ई-फेरफार आल्यापासून नोंदणी झालेल्या दस्ताची माहिती ऑनलाईनच महसूल खात्याकडे जाते. आमच्या पेनड्राईव्हचा मोठा भाऊच म्हणा ना!

आणि मला सगळ्यात आवडलं ते चावडी वाचन. हातानं लिहिलेले सातबारे कॉम्प्युटरवर चढवले, पण चढवताना चुका झाल्या. कुणाचं नाव चुकलं, कुणाचं क्षेत्र. मग २०१७ मध्ये राज्यभर गावोगावी सातबारे चावडीत वाचून दाखवण्याची मोहीम झाली. लोकांनी ऐकायचं, चूक असेल तर सांगायची. एवढं सगळं संगणकीकरण, आणि शेवटची खात्री कशानं, तर मोठ्यानं वाचून! मी आमच्या गावच्या वाचनाला बसले होते. बायका फारशा आल्या नव्हत्या. ज्या आल्या होत्या त्यांनी मात्र कान टवकारून ऐकलं. एकीचं नाव वाचलं गेलं तेव्हा ती शेजारणीला म्हणाली, "हाय की गं माझं नाव!"

आम्ही काय बदललं?

आधी सेल बदलला. किरकोळ खर्चाची वस्तू! त्यापायी केवढं रामायण!

मग जाऊबाईनं नियम केला, की तारखेवर विसंबून एक फाईल दुसरीवर आपोआप चढणार नाही. फाईलीच्या नावातच कामाची तारीख आणि पाटण किंवा कराड असं लिहायचं. आणि मिठाचा नियम, म्हणजे एका फाईलीत एका वेळी एकीनंच हात घालायचा. दुसरीला काही बदलायचं असेल तर आधी फोन, "घालू का गं मीठ?" हसू नका, पण आमच्या ऑफिसात आजही हाच शब्द आहे. पूर्वी रेल्वेच्या एकेरी रुळावर टोकन हातात आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढं काढत नसे. टोकन एकच, म्हणून त्या टप्प्यात गाडीही एकच. आमचं टोकन म्हणजे हा फोन.

नेट बरं झाल्यावर आम्ही फाईली इंटरनेटवरच्या सामाईक जागेत ठेवल्या. ड्रॉपबॉक्स २००८ मध्ये आणि गुगल ड्राईव्ह २०१२ मध्ये सुरू झालं होतं, पण आमच्यापर्यंत ते वापरण्याजोगं पोचायला वेळ लागला. यात फाईल दोन्ही कॉम्प्युटरवर दिसते आणि एकीकडे बदल केला की दुसरीकडे आपोआप पोचतो. पण हे कळून घ्यायला हवं, की तेही जादू नाही. दोघींनी एकच वर्डची फाईल एकाच वेळी उघडून बदलली, तर ड्रॉपबॉक्स कुणाचंच पुसत नाही, तो दुसरीची वेगळी प्रत करून बाजूला ठेवतो. बरं आहे, पण मग दोन प्रती झाल्या! त्या जुळवायच्या कुणी? आपणच.

गिऱ्हाइकांच्या यादीसाठी मात्र आम्ही गुगलचा ऑनलाईन तक्ता घेतला. त्यात अख्खी फाईल इकडून तिकडे जात नाही. एकेका चौकटीतला बदल लगेच जातो. मी वरच्या ओळीत लिहीत असताना ती खालच्या ओळीत लिहू शकते, आणि तिचा कर्सर मला दिसतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, चाळीस किलोमीटरवरून जाऊबाई माझ्या ताटात हात घालतेय!

आणि एक धडा मार खाऊनच शिकलो. सामाईक जागा म्हणजे शिल्लक ठेवलेली प्रत नव्हे. एकदा आमच्याकडच्या एका शिकाऊ मुलीनं पाटणला एक फोल्डर नको म्हणून काढून टाकलं. ते कराडलाही त्याच क्षणी गेलं. जशी भर दोन्हीकडे पडते तसंच पुसणंही दोन्हीकडे होतं. नशिबानं काढलेल्या फाईली तीस दिवस कचरापेटीत राहतात, म्हणून मिळाल्या. तेव्हापासून दर शनिवारी सगळं एका वेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन ती ऑफिसात नाही, घरी कपाटात ठेवतो.

२०२१ चा पाऊस

या सगळ्याची परीक्षा झाली ती जुलै २०२१ मध्ये. त्या पावसात आपल्या तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या, माणसं गेली. त्या दिवसांत फाईलींचा विचार कुणाच्या मनात येणार? रस्ते बंद, लाईट नाही, फोनला रेंज नाही. आम्ही पाटणला अडकलो, जाऊबाई कराडला.

पण नंतर लोक यायला लागले ते कागदांसाठीच. कुणाचं घर गेलेलं, कुणाचं शेत मातीखाली. पंचनामा, सातबारा, बँकेचं पासबुक, आधार. घरातली पेटीच वाहून गेलेल्यांच्या कागदांच्या प्रती आमच्याकडे निघाल्या. पाटणला लाईट नव्हती तर कराडहून जाऊबाईनं छापून पाठवल्या. तेव्हा कळलं, दोन ठिकाणी फाईली असणं ही नुसती डोकेदुखी नाही. एक जागा बुडाली तर दुसरी तारते.

नेट परत आलं तेव्हा दोन्हीकडे आठवडाभराचं वेगवेगळं काम साठलेलं. काही फाईलींच्या दोन-दोन प्रती झालेल्या. आम्ही दोघी फोन स्पीकरवर टाकून बसलो. ती एकेक नाव वाचायची, मी माझ्या प्रतीत बघायची. "पाटणकडं काय आहे?" "पाच." "माझ्याकडंही पाच." एकेका फाईलीपुढं टिकमार्क करत रात्रीचे अकरा वाजले. आमचं आपलं घरगुती चावडी वाचन!

एवढं करा

तुमचं दुकान असेल, बचतगट असेल, दोन गावात शिवणक्लास असतील, कुठंही दोन ठिकाणी एकच वही असेल, तर अनुभवातून एवढंच सांगते.

– कुठली प्रत खरी, हे आधी ठरवा. बाकीच्या सगळ्या तिच्या नकला.

– एका वेळी एकीनंच लिहायचं. लिहिण्याआधी विचारायचं, लिहून झाल्यावर सांगायचं.

– कॉम्प्युटरची तारीख रोज एकदा बघा. मागं पडत असेल तर सेल बदला.

– काही पुसायचं असेल तर दोघींच्या होकाराशिवाय नको.

– आठवड्यातून एकदा वेगळी प्रत काढून दुसऱ्या छपराखाली ठेवा.

– महिन्यातून एकदा दोन्ही प्रती मोठ्यानं वाचून जुळवा. डोळे सवयीचं तेच बघतात, कानाला चूक कळते.

आणि शेवटचं, जे फाईलींपेक्षा महत्त्वाचं. आपल्या माहेरच्या आणि सासरच्या जमिनीचा सातबारा आणि आठ-अ एकदा काढून बघा. महाभूलेखच्या संकेतस्थळावर तो नुसता बघायला पैसे पडत नाहीत. डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळायला लागला, तो पंधरा रुपयांत निघतो. आपलं नाव आहे का, बरोबर लिहिलंय का, बघा. नाव असणं म्हणजे भावाशी भांडण नव्हे. ती आपल्या असण्याची नोंद आहे.

मावशी आता नाही. गेल्या वर्षी तिची धाकटी लेक ऑफिसात आली होती, आईच्या नावाची वारस नोंद करायला. मी अर्ज टाईप केला, छापला आणि नेहमीप्रमाणं कराडला फोन लावून जाऊबाईला वाचायला सांगितलं. चार नावं. दोघे भाऊ, दोघी बहिणी. लेकीनं कागद हातात घेतला, बोट ठेवून एकेक नाव वाचलं. मग माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "आई सांगायची, या ताईंच्याकडं गेलं की स्वतः मोजून घ्यायचं."

मला राग नाही आला. मी म्हटलं, "मोज बाई. परत एकदा मोज."